गरम वाफा आणि रॅटची शेपूट: रजोनिवृत्तीतील हॉट फ्लॅशच्या अभ्यासासाठी प्राणी कसे वापरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी जाण्याच्या वयात अंगातून एकदम गरम वाफा निघतात, चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो आणि काही मिनिटांत उलट हुडहुडी भरते. याला डॉक्टर हॉट फ्लॅश म्हणतात. ‘वयाप्रमाणे होणारच’ म्हणून हा त्रास फार वर्षे बाजूला टाकला गेला. त्याचे मेंदूतले मूळ गेल्या तीसेक वर्षांत हाती आले, आणि त्यात प्रयोगशाळेतल्या उंदरांचा वाटा मोठा आहे. शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र किंवा प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि या विषयात खोल जाऊ इच्छिणारे वाचक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. ‘रॅट’ म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा उंदीर आणि ‘माउस’ म्हणजे छोटा. तापमान-नियमनात दोघांत फरक असल्यामुळे इथे ते शब्द वेगळेच ठेवले आहेत.

रॅटला हॉट फ्लॅश येतो का?

नाही. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. हॉट फ्लॅश ही बाईने सांगितलेली जाणीव आहे, आणि रॅट काही सांगू शकत नाही. त्याला छातीवर घामही येत नाही. फार उकडले की तो लाळ अंगावर पसरून गारवा मिळवतो. आपण रॅटमध्ये मोजतो ती हॉट फ्लॅशची एकच बाजू: त्वचेतल्या रक्तवाहिन्या अचानक रुंदावणे आणि त्यातून शरीराची उष्णता बाहेर जाणे. म्हणून प्रबंधात ‘रॅटमधील हॉट फ्लॅश’ असे न लिहिता ‘शेपटीच्या त्वचेचे तापमान वाढणे’ असे लिहा. परीक्षक काय म्हणतील हा मुद्दाच नाही. चुकीचा शब्द वापरला की पुढे निष्कर्षही चुकीचा निघतो.

मग थेट स्त्रियांचाच अभ्यास का करत नाहीत?

करतात, आणि पाया तिथेच घातला गेला. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी स्त्रियांना तापमान पाठवणारी गोळी गिळायला देऊन शरीराच्या आतले तापमान मोजले, आणि उरोस्थीवरच्या (छातीच्या मधल्या हाडावरच्या) त्वचेची विद्युतवाहकता नोंदवून घामाचा नेमका क्षण पकडला. त्यांना दिसले ते असे. त्रास नसलेल्या बाईचे आतले तापमान साधारण ०.४ अंश सेल्सियस वर-खाली झाले तरी शरीर ना घाम सोडते ना कुडकुडते. त्रास असलेल्या बाईत ही मोकळी जागा जवळजवळ शून्यावर आलेली असते. एरवी लक्षातही न येणारी किंचितशी वाढ तिथे घाम फोडायला पुरते.

पण ही जागा कशामुळे आक्रसते, हे जिवंत बाईच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूतल्या तापमान-नियंत्रणाच्या भागात) सुई घालून पाहता येत नाही. एखादा चेतापेशींचा गट नष्ट करायचा, एका केंद्रकात (मेंदूतल्या चेतापेशींच्या पुंजक्यात) काही नॅनोलिटर औषध सोडायचे, पेशी प्रकाशाने चालू-बंद करायच्या, हे सगळे प्राण्यातच शक्य आहे.

प्राण्यांना रजोनिवृत्ती येते का?

फार थोड्यांना. किलर व्हेल, आखूड-पराचे पायलट व्हेल, बेलुगा, नार्व्हाल अशा काही दातवाल्या व्हेलमध्ये प्रजनन थांबल्यानंतरही माद्या बरीच वर्षे जगतात. युगांडातल्या न्गोगो भागातील जंगली चिंपांझींमध्येही असे आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण व्हेलला टेलिमेट्रीचा (तापमान दुरून कळवणारा) कॅप्सूल बसवून कोणी रात्र काढू शकत नाही.

रॅट-माउसमध्ये वयाबरोबर चक्र बिघडते ते वेगळ्या रीतीने. साधारण ९ ते १२ महिन्यांच्या पुढे ४-५ दिवसांचे चक्र अनियमित होते. मग अनेक माद्या सतत इस्ट्रसमध्ये (माजावर) राहतात आणि त्या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे रजोनिवृत्त बाईत घटणारे अंडाशयाचे हार्मोन, चालूच असते. बाईत अंडाशयातली बीजकोशांची शिल्लक संपते. रॅटमध्ये आधी बिघडते ती मेंदूच्या इशाऱ्याने येणारी एलएच या (अंडे सोडायला लावणाऱ्या) हार्मोनची उसळी. म्हणून ‘म्हातारी रॅट म्हणजे रजोनिवृत्त बाई’ हे समीकरण चालत नाही.

मग कोणते मॉडेल कशासाठी घ्यायचे?

प्रश्न आधी ठरवा, प्राणी नंतर.

इस्ट्रोजेन गेल्यावर तापमान-नियमन कसे बदलते, हा प्रश्न असेल तर ओव्हेरिएक्टमी, म्हणजे दोन्ही अंडाशये काढलेली मादी. सर्वांत जास्त वापर याचाच होतो. उणीव अशी की हार्मोन एका दिवसात कोसळते. हे शस्त्रक्रियेने अंडाशये काढलेल्या बाईशी जुळते, हळूहळू पाळी जाणाऱ्या बाईशी तितके नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी १०-१२ आठवड्यांच्या तरुण माद्या घेतात, त्यामुळे वयाचा परिणाम यात नसतोच.

हळूहळू येणारा संक्रमणकाळ हवा असेल तर व्हीसीडी हे रसायन वापरतात. ते अंडाशयातले सुरुवातीच्या अवस्थेतले बीजकोशच नष्ट करते. माउसमध्ये रूढ मात्रा रोज किलोमागे १६० मिलीग्रॅम, पोटात इंजेक्शनने, १५ ते २० दिवस. पुढच्या काही आठवड्यांत अंडाशय निकामी होत जाते, पण जागेवर राहते आणि अँड्रोजेन स्रवत राहते. नैसर्गिक रजोनिवृत्तीशी हे जास्त मिळतेजुळते आहे. मात्र हे रसायन हाताळणाऱ्या बाईच्या अंडाशयासाठीही घातक ठरू शकते, म्हणून फ्यूम हूड आणि दुहेरी हातमोजे यांना पर्याय नाही.

औषधांची झटपट चाळणी करायची असेल तर मॉर्फिन-नॅलॉक्सोन मॉडेल आहे. सिम्पकिन्स आणि काटोविच यांनी १९८३ मध्ये मॉर्फिन तुटल्यावर रॅटमध्ये होणारे बदल आणि हॉट फ्लॅश यांतले साम्य दाखवले. कातडीखाली ७५ मिलीग्रॅमची मॉर्फिन गोळी बसवून काही दिवसांत रॅटला सवय लावतात आणि मग मॉर्फिनचा परिणाम अडवणारे नॅलॉक्सोन किलोमागे १ मिलीग्रॅम देतात. पाच मिनिटांत शेपूट तापू लागते, पंधरा मिनिटांच्या आसपास ४ ते ६ अंशांची वाढ दिसते आणि तास-दीड तासात ती ओसरते. आतले तापमान याच वेळी खाली येते. आलेख इतका देखणा येतो की नवखा भुलतो. पण यात अफूची तलफ आणि इस्ट्रोजेनची कमतरता एकमेकांत मिसळलेली असते. एखाद्या औषधाने ही वाढ रोखली तर ते हॉट फ्लॅशवर चालले की फक्त अफू तुटण्याच्या लक्षणांवर, हे या एका प्रयोगावरून ठरवता येत नाही.

मेंदूतली वाट शोधायची असेल तर सेंक्टाइड हे एनके३ रिसेप्टर (न्यूरोकायनिन बी हा मेंदूतला संदेशवाहक जिथे चिकटतो तो ग्राहक) चेतवणारे रसायन, किंवा किस्पेप्टिन हा दुसरा संदेशवाहक बनवणाऱ्या पेशी प्रकाशाने चालू करता येतील असे जनुकबदल केलेले माउस.

माकडांवरही काम झाले आहे. अंडाशय काढलेल्या ऱ्हिसस माकडांच्या चेहऱ्याच्या त्वचेचे तापमान मोजले गेले. त्यांचे चक्र बाईसारखे असते, पण खर्च, जागा आणि नैतिक भार पाहता तो शेवटचा पर्याय.

सगळे शेपटीच्या मागे का लागतात?

कारण रॅटचे शेपूट म्हणजे त्याचा रेडिएटर. त्यावर जवळजवळ केस नसतात. शरीराच्या पृष्ठभागाचा फक्त ७ टक्क्यांच्या आसपासचा भाग शेपटीत असतो, पण गरज पडल्यास शरीराच्या उष्णतेचा एक चतुर्थांशापर्यंतचा वाटा तिथून बाहेर टाकता येतो. आत धमनी-शिरांना थेट जोडणाऱ्या वाहिन्या असतात. त्या उघडल्या की शेपूट तापते, मिटल्या की खोलीइतके गार पडते.

एक फरक विसरू नका. रॅटचे शेपूट तापते ते मुख्यतः सिंपथेटिक नसांची (रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांची) पकड सैल झाल्यामुळे. बाईच्या छाती-चेहऱ्याच्या त्वचेत याशिवाय रक्तवाहिन्या मुद्दाम रुंदावणारी, घामाशी जोडलेली वेगळी यंत्रणा काम करते. म्हणजे दरवाजा दोन्हीकडे उघडतो, पण बिजागऱ्या वेगळ्या आहेत.

ओव्हेरिएक्टमी नेमकी कशी करतात?

आयसोफ्लुरेनने भूल (सुरुवातीला ४-५ टक्के, नंतर २ टक्क्यांच्या आसपास) आणि मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक कापण्याआधीच. प्राणी गरम पॅडवर ठेवा. भुलेत तो लवकर गार पडतो, आणि आपण अभ्यास करतोय तापमानाचाच. पाठीवरचे केस काढून मध्यावर त्वचेला एक छोटा छेद, मग शेवटच्या बरगडीखाली दोन्ही बाजूंना स्नायूला एकेक. आत पांढऱ्या चरबीचा गोळा दिसतो, त्यातच अंडाशय दडलेले असते. ते अलगद बाहेर काढा, खालच्या बाजूला धागा बांधा, चरबीसकट कापा आणि गर्भाशयाचे शिंग आत ढकला.

चूक होते ती इथेच. माउसमध्ये अंडाशय मोहरीच्या दाण्याएवढे असते, आणि चरबी वाचवायच्या नादात त्याचा कण मागे राहतो. काही आठवड्यांत तो कण इस्ट्रोजेन स्रवू लागतो आणि त्या मादीचे सगळे आकडे गटापेक्षा वेगळे येतात. म्हणून कापलेला भाग टाकण्याआधी भिंगाखाली पाहा. नंतर सलग पाच-सात दिवस योनीचा स्मिअर (पेशींचा नमुना) घ्या. त्यात चक्र दिसले तर ती मादी गटातून बाहेर.

जखम भरायला आणि हार्मोन पूर्ण उतरायला किमान १० ते १४ दिवस द्या. शाम (नुसत्या नावापुरत्या शस्त्रक्रियेच्या) गटालाही हाच छेद, हीच भूल, हीच वेदनाशामके. फक्त अंडाशय जागेवर.

शेपटीचे तापमान कशाने मोजायचे?

तीन मार्ग आहेत, आणि तिन्हींची आपापली खोड आहे.

थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) स्वस्त पडतो. शेपटीच्या खालच्या बाजूला, बुडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर चिकटपट्टीने लावतात. पट्टी आवळली तर रक्त थांबते आणि शेपूट खोटे गार दिसते, सैल ठेवली तर रॅट दहा मिनिटांत कुरतडून टाकतो. शिवाय प्राणी बांधून ठेवावा लागतो, आणि बांधलेल्या प्राण्याचे तापमान हे घाबरलेल्या प्राण्याचे तापमान असते.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. त्वचेची उत्सर्जकता ०.९८ ठेवा. माउसचे शेपूट बारीक असते. ते कॅमेऱ्याच्या दोन-तीन पिक्सेलइतकेच दिसत असेल तर मागच्या भुशाचे तापमान त्यात मिसळते. कॅमेरा जवळ आणा, किंवा चांगले भिंग घ्या. पिंजऱ्याचे प्लास्टिक आणि काच इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे वरून उघड्या जागेतूनच चित्र घ्या.

टेलिमेट्री सर्वांत महाग आणि सर्वांत खात्रीची. पोटात एक ट्रान्समीटर आतल्या तापमानासाठी, शेपटीवर किंवा शेपटीच्या त्वचेखाली दुसरा संवेदक. प्राणी आपल्या पिंजऱ्यात, दिवस-रात्र, कोणी जवळ नसताना. नोंद मिनिटाला एक तरी हवी. बाईतला हॉट फ्लॅश बहुधा काही मिनिटांचाच असतो. पंधरा मिनिटांनी एकदा नोंद घेणाऱ्याला सरासरी कळते, झटका कळत नाही.

नोंद दिवसा घ्यायची की रात्री?

दोन्ही, पण लक्ष रात्रीकडे. रॅट रात्री जागा असतो. निरोगी मादीत अंधार पडला की शेपटीचे तापमान उतरते. अंडाशय काढलेल्या मादीत ही उतरण जवळजवळ नाहीशी होते, आणि इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) दिले की परत येते. सकाळी ११ ते ५ एवढ्याच वेळात मोजणाऱ्यांना ‘काहीच फरक नाही’ असे वाटते ते यामुळेच.

खोली किती गरम असावी?

निम्म्या अपयशाचे कारण हेच असते. रॅटचा आरामाचा पट्टा साधारण २८ ते ३२ अंश, आणि प्राणिगृह बहुधा २० ते २४ अंशांवर चालते. २० अंशांत शेपटीच्या वाहिन्या मिटलेल्याच असतात, मग इस्ट्रोजेन द्या की नका देऊ. ३० च्या वर त्या सगळ्याच प्राण्यांत उघडतात. फरक दिसतो तो मधल्या पट्ट्यात, म्हणजे २४-२६ च्या आसपास, जिथे मेंदू दोन्हीकडे झुकू शकतो. कोणते तापमान धरले ते लिहा आणि संपूर्ण प्रयोगभर तेच ठेवा. रात्री एसी बंद करायची सवय असलेल्या इमारतीत, किंवा वीज जाणाऱ्या गावात, खोलीचे तापमान नोंदवणारा लॉगर पिंजऱ्याच्या उंचीवर ठेवलाच पाहिजे.

तरीही एखाद-दुसरा अंश हलतोच. त्यासाठी उष्णता-ऱ्हास निर्देशांक काढतात: (शेपूट − खोली) भागिले (आतले − खोली). समजा खोली २४, आतले तापमान ३७.५, शेपूट ३०. तर ६ भागिले १३.५, म्हणजे ०.४४. आता शेपूट ३० च आहे, पण खोली २२ वर आली. ८ भागिले १५.५, म्हणजे ०.५२. शेपटीचा आकडा तोच, पण दुसऱ्या वेळी वाहिन्या जास्त उघड्या होत्या. नुसत्या शेपटीच्या आलेखात हे कधीच कळले नसते.

कंट्रोल गट कोणते?

कमीत कमी तीन: शाम अधिक वाहक तेल (औषध न घातलेले नुसते तेल), ओव्हेरिएक्टमी अधिक वाहक तेल, आणि ओव्हेरिएक्टमी अधिक इस्ट्रॅडिओल. तिसऱ्या गटात शेपूट गार झाले नाही तर तुमची मोजणीच चालत नाही. अशा वेळी नवे औषध तपासण्यात अर्थ नाही.

इस्ट्रॅडिओल तिळाच्या तेलातून इंजेक्शनने किंवा कातडीखाली बसवलेल्या सिलास्टिक (सिलिकॉनच्या) नळीतून देतात. इंजेक्शनने पातळी एकदम चढते आणि पडते, नळीतून ती संथ राहते. रक्तातली पातळी तपासायची तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने. नेहमीचे इम्युनोअसे (प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचण्या) माउसच्या इतक्या कमी पातळीला भरवशाचे नसतात.

सगळे बरोबर केले, तरी गटांत फरक येत नाही. काय तपासू?

पहिले खाद्य. प्रयोगशाळेच्या खाद्यात अनेकदा सोयापेंड असते आणि सोयातली आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटतात. म्हणजे ‘इस्ट्रोजेन नसलेल्या’ गटाला रोज थोडे इस्ट्रोजेनसारखे काही मिळत राहते. सोयाविरहित खाद्य मागवा आणि शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच सुरू करा.

दुसरे वजन. अंडाशय काढलेली रॅट जास्त खाते, कमी हालचाल करते आणि भराभर जाड होते. चरबी आणि कमी हालचाल दोन्ही तापमान बदलतात. खाणे मोजून द्या, नाहीतर निदान वजन गणितात घ्या.

तिसरे हाताळणी. अनोळखी माणसाने पिंजरा उघडला की आतले तापमान अंशभर चढते आणि शेपूट गार पडते. रोज तोच माणूस, तीच वेळ, आणि प्रयोगाआधी आठवडाभर सवय. इंजेक्शननंतरची पहिली वीस-तीस मिनिटे या गोंधळाची असतात.

चौथे गणित. एका मादीच्या १,४४० मिनिटांच्या नोंदी म्हणजे १,४४० प्राणी नव्हेत. एकक मादी आहे.

केएनडीवाय पेशी म्हणजे काय, आणि त्यांचे इतके नाव का?

ही गोष्ट प्राण्यापासून नाही, माणसापासून सुरू होते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील नाओमी रान्स यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंत पाहिले की रजोनिवृत्त स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधल्या इन्फंडिब्युलर केंद्रकात काही चेतापेशी फुगलेल्या आहेत. १९९१ मध्ये त्यांनी दाखवले की या पेशींत न्यूरोकायनिन बी (एनके३ रिसेप्टर चेतवणारा संदेशवाहक) खूप जास्त बनते. पुढे कळले की याच पेशी किस्पेप्टिन आणि डायनॉर्फिनही बनवतात. तिन्हींच्या आद्याक्षरांवरून केएनडीवाय, बोलताना ‘कँडी’.

पण फुगलेली पेशी दोषी आहे की नुसती साक्षीदार, हे मृत मेंदू सांगत नाही. इथे रॅट लागला. रान्स यांच्या गटाने एनके३ रिसेप्टरला चिकटणारे विष रॅटच्या आर्क्युएट केंद्रकात (बाईतल्या इन्फंडिब्युलर केंद्रकाशी जुळणाऱ्या जागी) सोडून या पेशी मारल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्या रॅटचे शेपूट इतरांपेक्षा गार राहिले. त्याआधी, २०११ मध्ये, याच गटाने मीडियन प्रीऑप्टिक केंद्रकात सेंक्टाइड सोडले तर आतले तापमान उतरते हे दाखवले होते. त्वचेकडून येणारी ‘गरम होतंय’ ही बातमी ज्या ठिकाणी पोहोचते, तेच हे केंद्रक. २०१८ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील कामात माउसच्या याच किस्पेप्टिन पेशी चालू केल्यावर शेपूट तापले आणि मग आतले तापमान घसरले. प्रीऑप्टिक भागात एनके३ रिसेप्टर अडवले की हा परिणाम थांबला.

आणि वाट परत बाईकडे आली. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये पाळी चालू असलेल्या निरोगी स्त्रियांना न्यूरोकायनिन बी शिरेतून दिले, तेव्हा बहुतेकींना हॉट फ्लॅश आला (२०१५). मे २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट हे एनके३ अडवणारे, हार्मोन नसलेले औषध मंजूर झाले: रोज ४५ मिलीग्रॅम. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगामुळे ज्यांना इस्ट्रोजेन देता येत नाही, त्यांच्यासाठी या वाटेने पुढे होणाऱ्या संशोधनाचे मोल मोठे आहे.

रॅटमध्ये चाललेले औषध बाईतही चालेल?

खात्री नाही, आणि याला दोन ठोस कारणे आहेत. एक, रिसेप्टर. एनके३ अडवणारी अनेक रसायने मानवी रिसेप्टरला घट्ट बसतात, पण रॅट-माउसच्या रिसेप्टरला सैल. रॅटमध्ये ‘परिणाम नाही’ आले तर ते औषधाचे अपयश की प्रजातीचा फरक, हे आधी बंधन-चाचणीने (औषध रिसेप्टरला किती घट्ट बसते ते मोजून) पाहा. गिनीपिग आणि जर्बिल या बाबतीत माणसाला जवळचे. दोन, प्लासिबो. नुसती साखरेची गोळी घेऊनही बऱ्याच स्त्रियांचे फ्लॅश लक्षणीय कमी होतात. रॅटला कसलीच अपेक्षा नसते, त्यामुळे औषधाचा परिणाम तिथे स्वच्छ आणि मोठा दिसतो. बाईत त्याला प्लासिबोच्या पुढे जाऊन दाखवावे लागते. डेसव्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाने ओव्हेरिएक्टमी केलेल्या रॅटमध्ये चांगले निकाल दिले होते, पण हॉट फ्लॅशसाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली नाही.

नर प्राणी चालतात का?

हो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन बंद केलेल्या पुरुषांनाही हॉट फ्लॅश येतात. वृषण काढलेले रॅट त्यासाठीच वापरतात.

भारतात परवानगी कुठून?

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून, प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या, म्हणजे सीसीएसईएच्या (आधीची सीपीसीएसईए), नियमांनुसार. कायदा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक. अर्जात प्राण्यांची संख्या का तेवढीच, वेदनाशामक कोणते आणि त्रास फार वाढला तर प्रयोग कधी थांबवणार, हे स्पष्ट लिहा. मॉर्फिन मॉडेल घेणार असाल तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालचा परवाना वेगळा लागतो आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे प्रकल्पाचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखा. प्राणी कमी वापरायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे टेलिमेट्री: तीच मादी आधी आणि नंतर, स्वतःचीच कंट्रोल.

प्रयोग संपल्यावर शेवटी काय तपासायचे?

गर्भाशयाचे वजन, प्रत्येक मादीचे, न चुकता. चरबी आणि आतले पाणी काढून, टिपून, मिलीग्रॅममध्ये. अंडाशय काढलेल्या रॅटमध्ये ते धाग्यासारखे फिकट आणि बारीक झालेले हवे, इस्ट्रॅडिओल मिळालेल्या मादीत जाड आणि गुलाबी. ‘ओव्हेरिएक्टमी’ गटातल्या एखाद्या मादीचे गर्भाशय जाड निघाले, तर कुठेतरी अंडाशयाचा कण राहिला होता किंवा खाद्यातून इस्ट्रोजेन आले. तिचा आलेख कितीही चांगला आला असला तरी ती वगळा, आणि का वगळली ते लिहा.